धुरपदाईची मोकळी गल्ली

फार फार वर्षांमागची गोष्ट. बोरवण गाव तेव्हा नदीकाठी होतं. एका पुरात ते अर्धं वाहून गेलं आणि उरलेल्यांनी वरच्या माळावर नवं गाव वसवायचं ठरवलं. ते आखायला पुढं आली धुरपदा, एका गवंड्याची विधवा. बाईनं गाव आखायचं, हे तोवर कुणी ऐकलंही नव्हतं.

सटवाजी पाटलाच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. ही बाई घागर आणी, माळावर ओती आणि ओघळामागं चालत जाई. ओघळ जाईल तिथं राखेच्या रेघा ओढी. ही करणीच, पाटलाला वाटे. त्यात तिनं गावाच्या मधोमध रुंद गल्ली मोकळी सोडली. एवढी मोक्याची जागा कोण सोडतं? माहेरच्यांसाठी राखली असणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. मग राख पायानं पुसून त्यानं तिथंच आपला दगडी गोठा बांधला.

धुरपदा दारात येऊन एवढंच बोलली, "पाटील, ही वाट पान्याची हाय. आज न्हाई तर उद्या त्ये येनार."

"तू बोलावशील तवा येईल," पाटील म्हणाला.

भादव्यात ढगफुटी झाली. माळावरचं पाणी गल्लीत शिरलं, गोठ्याला अडलं आणि फुगून घराघरांत घुसलं. पाटलाची तान्ही नात पाळण्यात होती. पाणी पाळण्याला टेकलं, तसा पाटील पहार घेऊन धावला. धुरपदा आधीच तिथं नुसत्या हातांनी दगड उपसत होती. दोघांनी मिळून भिंत पाडली आणि तुंबलेलं पाणी लोंढ्यानं गल्लीतून नदीकडे सुटलं. असं म्हणतात, की पुसलेल्या रेघा पाण्याखाली पांढऱ्याशुभ्र उजळल्या आणि त्यांच्याबाहेर थेंब गेला नाही. धुरपदा मात्र त्या लोंढ्याबरोबर गेली. नदीकाठी तिची घागर तेवढी सापडली, काठोकाठ भरलेली, सरळ उभी. असं म्हणतात.

नात जगली. तरी पाणी धुरपदेनंच बोलावलं, असं पाटील मरेपर्यंत म्हणत राहिला. गोठा मात्र त्यानं पुन्हा बांधला नाही.

बोरवणात अजूनही घर बांधण्याआधी एखादी म्हातारी त्या जागेवर घागर ओतते आणि धुरपदाईच्या नावानं राखेची रेघ ओढते. मोकळ्या गल्लीत कुणी ओटा जरासा पुढं काढला, तर पाटलांच्या घरचं माणूस पहार घेऊन येतं. पहिला घाव त्यांचाच असतो.