सतरावी फेरी

मृण्मयी खर्डेकर टेनिसच्या अंतिम सामन्यात पुरती कोंडीत सापडली होती. पहिला सेट गेलेला, दुसऱ्यात शून्य-पाच. जिंकणारीला परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश होता, आणि तिशी उलटलेल्या बाईला तो पुन्हा कोण देणार?

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आमदार आबासाहेब घड्याळ दाखवत कोर्टात उतरले. "आवरा आता! मला तीन लग्नांत अक्षता टाकायच्यात. निकाल दिसतोच आहे, पोरी. कप समोरचीला देऊन मोकळा होतो."

पंच बिचारा खुर्चीवरून उतरूही लागला. मृण्मयीने रॅकेट काखेत मारली. "आबासाहेब, गेल्या निवडणुकीत मतमोजणीच्या सतराव्या फेरीपर्यंत तुम्ही नऊ हजारांनी मागे होता ना? समोरच्यांनी गुलालही उधळला होता. तेव्हाच मोजणी थांबवली असती, तर आज इथे पाहुणे म्हणून कोण आलं असतं?"

प्रेक्षकांत हशा पिकला. आबासाहेब जागेवर जाऊन बसले. पंच पुन्हा वर चढला.

मृण्मयीने तो सेट सात-पाच असा खेचून आणला, आणि तिसराही घेतला. कप तिलाच मिळाला.

आबासाहेब पहिल्या लग्नाच्या मांडवात पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. मुलीच्या बापाने तोंड फुगवलं, तसे म्हणाले, "काय करू पाव्हणं, मोजणी चालू होती!"