चिमीचा श्वास

भाविकहो, निर्वाणनाथ महाराज त्या साली नदीकाठच्या बोरवंड गावी उतरले होते. मुक्काम गावाबाहेरच्या जुन्या धर्मशाळेत. तिथेच येसूआक्का नावाची एक विधवा चौदा पोरक्या मुलांना सांभाळीत असे. पटकीच्या साथीत त्यांचे आईबाप गेले होते. चुलीवर नाचणीची आंबील रटरटत असतानाच आक्काने चौदा डोकी विंचरावीत, कोणाच्या खरजेला कडुनिंब लावावा, कोणाची भांडणे सोडवावीत. महाराज कौतुकाने म्हणत, "येसू, माझी पूजा राहिली तरी चालेल, पोरांची आंबील करपू देऊ नकोस!"

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री यांना मात्र हे खपत नसे. हाताला गुण होता, पण ताठाही तेवढाच. "ना कूळ, ना गोत! कुठली कुठली पोरं गोळा करून ठेवलीत हिनं," असे ते चारचौघांत म्हणत.

एके सकाळी सहा वर्षांची चिमी उठलीच नाही. अंग तापलेले, मान सुजलेली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. आक्का अनवाणी धावत वैद्यांकडे गेली. शास्त्रीबुवा आले, पण उंबरठा ओलांडेनात. आक्काने पोरीला दाराशी आणले, तेव्हा त्यांनी काठीने तिची हनुवटी वर केली. श्वासासाठी उघड्या राहिलेल्या तोंडातून घशात धरलेला पांढरा पापुद्रा दिसला.

"घटसर्प!" ते मागे सरले. "ही संध्याकाळ पाहत नाही. बाकीची गावभर रोग पसरवतील. दुपारच्या आत सगळ्यांना घेऊन रानात जा."

"वैद्यबुवा, हिला काही औषध तरी द्या हो!"

"तुझे महाराज आहेत ना? त्यांच्याकडे माग."

उन्हे डोक्यावर आली तशी वीसपंचवीस माणसे काठ्या घेऊन धर्मशाळेपुढे जमली. आक्काने दार लावून घेतले. मुले एकमेकांना बिलगली होती. चिमीचे ओठ निळे पडले होते.

"महाराज, रानात नेलं तर ही वाटेतच जाईल," आक्काला हुंदका आवरेना. "नाही नेलं तर या लेकरांवर काठ्या पडतील. काय करू मी?"

महाराजांनी चिमीला मांडीवर घेतले. "रोज करतेस तेच कर. पोरं सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना वाढ." मग चिमीच्या गळ्यावर तळहात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

आक्का वाढू लागली. बाहेर दारावर धक्के बसत होते. एकाएकी ती शिट्टी थांबली. आक्काच्या हातातली पळी गळून पडली. गेली पोर!

तो मागून बारीक आवाज आला, "आक्का, मला पण दे ना."

काय ती लीला! तेवढ्यात कडी निखळली आणि शास्त्रीबुवा तणतणत आत आले. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

महाराजांनी बोलायला तोंड उघडले. शब्द उमटला नाही. आली ती फक्त शिट्टी.

वैद्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून महाराजांच्या घशात पाहिले. तोच पांढरा पापुद्रा! मग चिमीला जवळ ओढून, आपल्या हातांनी तिचे तोंड उघडून पाहिले. घसा स्वच्छ, गुलाबी.

शास्त्रीबुवांनी हातातली काठी बाजूला ठेवली. महाराजांनी मुलांकडे बोट दाखवले. वैद्यांना उमजले. एकेकाला समोर घेऊन त्यांनी तेराही घसे तपासले आणि दाराकडे वळून ते म्हणाले, "घरी जा रे. पोरांपैकी कुणाला काही नाही. उद्या झालंच, तर मी इथंच आहे."

नऊ दिवस महाराजांचा आवाज बंद होता आणि नऊ दिवस शास्त्रीबुवा त्यांच्या उशापासून हलले नाहीत. दहाव्या दिवशी सारा गाव दर्शनाला जमला असता महाराज बोलले. वैद्य पाया पडू लागले, तसा महाराजांनी त्यांचा हात धरला.

"माझं दुखणं नऊ दिवसांचं, शास्त्रीबुवा. येसूचं रोजचं आहे. तिच्या पाया पडा."

आक्का खरकटे हात पदराला पुशीत संकोचाने मागे सरली. शास्त्रीबुवांनी पागोटे उतरवले आणि साऱ्या गावासमोर तिच्या पायांवर डोके ठेवले.