अध्यक्षांचं पीस

फार पूर्वी, पिसावरून कुळी ओळखणाऱ्या पाखरांचा एक संघ होता. अध्यक्ष होते कावळेदादा. त्यांचा घसा मात्र कायम बसलेला असे. निवडणुकीला साळुंकी उभी राहताच त्यांनी नवा नियम काढला, "अध्यक्ष अस्सल कावळाच हवा! नमुना म्हणून माझंच पीस तपासा."

साळुंकीनं पीस उन्हात धरलं आणि ती हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही कोकीळ आहात."

दादांनी पीस स्वतः निरखून पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांची पिसं पाहिली, स्वतःचं पाहायचं राहूनच गेलं! दादांना हसूच फुटलं. "नियम रद्द! लढ खुशाल."

साळुंकी निवडून आली. अभिनंदन करायला दादांनी चोच उघडली. आज काव काव करण्यासाठी घसा खरवडावा लागला नाही. सूर आपसूक लागला, "कुहू!"