रिकाम्या वाटेचा वास

एका गावाच्या शिवेला एक बाभूळ होती. त्या बाभळीच्या मुळाशी काळ्या मुंग्यांचं एक जुनं घर होतं. बाहेरून बघाल, तर करंगळी जाईल एवढं भोक. आत मात्र गल्ल्या, खोल्या, कोठारं, आणि सगळ्यात खाली मुंग्यांची आई. घरात राबणाऱ्या सगळ्या तिच्याच लेकी. म्हणजे एकमेकींच्या बहिणीच झाल्या.

आता देवानं किड्यामुंगीच्या हातात काही दिलं नाही. जे द्यायचं ते अंगात दिलं. मधमाशीच्या पोटाखालून मेण पाझरतं. कोशाच्या किड्याच्या तोंडातून लाळ सुटते, आणि ओढता ओढता तिचं रेशीम होतं. मुंगीलाही अशा थैल्या आहेत. मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक, पण आत रस भरलेला. एक थैली जबड्याच्या मुळाशी. संकट आलं की मुंगी ती दाबते, वास पसरतो, आणि बाहेर असतील तेवढ्या जणी तोंडातलं टाकून घराकडे पळतात.

दुसरी थैली पोटाच्या अगदी टोकाला. ही वाटेची. कुठे खाणं सापडलं, की मुंगी घरी येताना पोट जमिनीला टेकवत टेकवत येते. रसाची बारीक रेघ उमटते. डोळ्यांना दिसत नाही, पण मिशांना बरोबर कळते. बाकीच्या त्या रेघेनं जातात, घास उचलतात, आणि येताना आपलाही थेंब तिच्यावर ठेवतात. खाणं संपलं की कुणी थेंब ठेवत नाही. मग रेघ उन्हात आपोआप उडून जाते.

यात नियम एकच. तोंडात घास असेल, तरच पोट टेकवायचं. रिकामं यायचं, तर पोट वर उचलून यायचं. हा नियम मुंगीला कुणी शिकवत नाही. थैली देतानाच देवानं सांगून ठेवला असावा.

त्या घरात येसूआक्का नावाची एक म्हातारी मुंगी होती. तरुणपणी तिनं पोरं सांभाळली होती. अंडी हलवायची, अळ्यांना भरवायचं, कोश फुटायला आला की आतल्या पोरीला हलकेच बाहेर ओढायचं आणि चाटून पुसून उभं करायचं. अशा कितीतरी पोरी तिच्या तोंडाखालून गेल्या. पण शेवटची होती तानू. कोशातून निघाली तेव्हा अगदी फिकुटलेली, पाय एकात एक अडकलेले. वाचते की नाही अशी. येसूआक्कानं तिला वाचवलं. तेव्हापासून तिचा जीव तानूवर जडला तो जडलाच.

तानू मोठी झाली, काळी झाली आणि बाहेर जाऊ लागली. ते दिवस वैशाखाचे होते. रानात हिरवं पान नव्हतं. कोठारातला दाणा तळाला गेला होता, आणि खालच्या खोलीत अळ्या भुकेनं माना वर करून बसल्या होत्या. अळीला स्वतःला चालता येत नाही. तिनं मान वर करायची आणि वाट बघायची, एवढंच तिच्या हाती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर त्यातल्या बऱ्याच मेल्या असत्या.

तानू बिचारी रोज जायची आणि रोज रिकामी यायची. पोट वर उचलून, मिशा खाली पाडून. घराच्या तोंडाशी ठकी नावाची एक फटकळ बहीण उभी असायची. ती एकदा म्हणाली, "तानूबाई, फिरून आलात का? आमच्यासाठी वारा तरी आणलात?" बाकीच्या हसल्या. तानू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

येसूआक्काला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तानू गावाच्या खळ्याकडे निघाली, तशी आक्का अंतर ठेवून तिच्या मागे गेली. खळं केव्हाच झाडून नेलेलं होतं. भुसा तेवढा उरला होता. तानूनं भुसा पायानं उलटापालटा केला, इकडून शोधलं, तिकडून शोधलं, आणि पोट उचलून परत फिरली. आक्का मागेच होती. तिच्या मनात आलं, पोरीला एकदा तरी नाव मिळू दे. बहिणी येतील, बघतील, म्हणतील पाखरांनी खाल्लं. कुणाचं काय जातं? आणि आक्कानं पोट जमिनीला टेकवलं. तानूच्या पावलांवर पोट टेकवत ती खळ्यापासून थेट घरापर्यंत आली. म्हातारीची थैली बरेच दिवस वापरलेली नव्हती, काठोकाठ भरलेली होती. रेघ अशी दाट उमटली, की तशी त्या घरानं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

घराच्या तोंडाशी एकच गडबड उडाली. तानूच्या मागून एवढी दाट वाट आली, म्हणजे तानूला काहीतरी मोठं सापडलं. बहिणी एकीच्या मागे एक निघाल्या. जाता जाता तानूला मिशा लावून शाबासकी देत होत्या. तानू गोंधळून उभी राहिली.

तेवढ्यात बांधाच्या बाजूनं ठकी आली. तिच्या तोंडात नाकतोड्याची तंगडी होती. बांधावरच्या धोंड्याखाली तिला अख्खा मेलेला नाकतोडा सापडला होता. सगळ्या अळ्यांना पुरून उरेल असा. ती पोट टेकवत टेकवत आली होती, पण एकटीची रेघ ती किती असणार? कापसाच्या तंतूएवढी. घरातल्या सगळ्या खळ्याच्या वाटेला लागल्या होत्या. ठकीनं जाणाऱ्यांना अडवून सांगितलं, तंगडी दाखवली. त्या म्हणाल्या, तंगडी काय, कुठेही सापडते, वास बघ कुठला जास्त आहे. मुंग्यांचं असंच आहे. तोंडाचं बोलणं त्या ऐकतात, पण विश्वास ठेवतात वासावर. आणि तिकडे बांधावरच्या झाडावर साळुंक्या येऊन बसल्या होत्या, नाकतोड्यावर डोळा ठेवून.

तानू आक्काकडे आली. म्हणाली, "आक्का, मी पोट टेकवलं नव्हतं."

आक्कानं मिशा खाली पाडल्या.

"तू टेकवलंस ना?"

"तुला हसतात ते मला बघवत नाही गं."

तानू मग हळूच म्हणाली, "हसत होत्या तेव्हा मी रिकामी होते. आता मी खोटी झाले, आक्का."

म्हातारीनं हे ऐकलं आणि तिला खालच्या खोलीतल्या वर झालेल्या माना दिसू लागल्या. तरुणपणी तिनं जशा अळ्या भरवल्या होत्या, तशाच याही.

आता सुटायचा एक सोपा उपाय होता. जबड्यातली संकटाची थैली एकदा दाबायची. सगळ्या बहिणी खळ्याकडून पळत घरी आल्या असत्या. संकट कसलं, कुठलं, हे घाईत कुणी विचारलं नसतं. खोटी वाटही उडून गेली असती आणि आक्काचं नावही राहिलं असतं. तिनं जबडा उघडला सुद्धा. पण एका थैलीतून खोटं सांडलं होतं, ते झाकायला दुसरीतून खोटं कुठे सांडायचं? आणि पुन्हा खरंच संकट आलं, तर कोण पळेल? तिनं जबडा मिटला.

ती वाटेत जाऊन आडवी पडली. येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागली, "ही वाट माझी आहे. रिकामी आहे. तानूचा यात दोष नाही. बांधाकडे जा, ठकीची वाट खरी आहे."

पण ऐकतंय कोण? म्हातारीला ऊन लागलं, असं म्हणत बहिणी तिच्या पाठीवरून पाय देऊन पुढे जात होत्या. तिचं खरं बोलणं तिच्याच खोट्या वासापुढे उभं राहीना. मग ती उठली. मातीचा एक कण उचलला आणि आपल्या रेघेवर ठेवला. मग दुसरा. वास बुजवायला मुंगीजवळ माती सोडून आहे काय? तानू तिच्या शेजारी आली आणि तीही कण ठेवू लागली.

ठकी तिथे आली. आक्कानं तिलाही सांगितलं, काही लपवलं नाही. ठकीला राग आला. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. पण बांधाकडे बघून तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "सरक आक्का. तुझ्या एकटीच्यानं संध्याकाळपर्यंत होणार नाही हे."

तिघींनी मिळून रेघेचं तोंड बुजवलं. खळ्याकडून रिकाम्या परतणाऱ्या बहिणी पोट उचलून आल्या, त्यांनीही ते पाहिलं आणि त्यांना उमजलं. पुढची रेघ ऊन पिऊन गेलं. मग कुठे बांधाकडची ती तंतूएवढी वाट मिशांना लागली. सगळ्या तिकडे धावल्या. पोहोचल्या तेव्हा अर्धा नाकतोडा साळुंकीनं नेला होता. उरलेला अर्धा घरी आला. अळ्यांना मिळालं, पण पोटभर नाही. खालच्या खोलीत त्या दिवशी काही माना वरच राहिल्या. येसूआक्का त्यांच्याजवळ बसून होती. 

त्या अळ्या जगल्या. दुसऱ्या दिवशी बांधावर आणखी थोडं काही सापडलं, तिसऱ्या दिवशीही. तानूला मात्र तेव्हाही काही सापडलं नाही. ती पोट चांगलं उंच उचलून, सगळ्यांच्या देखत, मधल्या वाटेनं घरी आली. ठकी तोंडाशीच उभी होती. ती काही बोलणार, एवढ्यात येसूआक्का पुढे झाली. तिनं तानूच्या मिशांना मिशा लावल्या.

"रिकामी आलीस?"

"रिकामी आले."

"बरं. ये, आधी घास घे."

मुंगीच्या पोटात स्वतःसाठी एक कप्पा असतो आणि दुसरीसाठी एक. आक्कानं त्या दुसऱ्या कप्प्यातला थेंब वर आणला आणि तोंडाला तोंड लावून तानूला पाजला. तानू तो सावकाश प्यायली. ठकी बघत राहिली. मग पाय झटकत म्हणाली, "प्यायचं झालं असेल तर चल माझ्याबरोबर बांधाकडे. तिकडे शोधायचं कसं ते दाखवते. आणि वारा आणायचा नाही, सांगून ठेवते."

तानू हसली आणि तिच्या मागून निघाली.

तात्पर्य: आपलं माणूस रिकाम्या हातानं आलं, तर त्याला घास द्यावा, धीर द्यावा, पण मायेपोटी त्याचे रिकामे हात भरलेले म्हणून सांगू नयेत, कारण त्या सांगण्यानं दुसऱ्या कुणाचा तरी घास जातो.