दाजीबांच्या पोटातला उपाशी जंतू

एक होता जंतू. तिळाहून लहान. डोळ्याला दिसायचा नाही. नाक मुरडू नका, कामाचा जंतू होता.

तो राहायचा दाजीबांच्या पोटात. कोंडा खायचा. आंबूस रस करायचा. रस चरबीकडे गेला की ती जागची उठायची.

एकदा कोंडा आलाच नाही.

जंतू निघाला. सुळुक सुळुक. आतड्याकडे गेला.
"आतड्या, आतड्या, कोंडा दे. मी उपाशी."
आतडं म्हणालं, "भाकरी आणील तर देईन."

सुळुक सुळुक. भाकरीकडे गेला.
"भाकरी, भाकरी, कोंडा आण. आतडं देईना, मी उपाशी."
भाकरी म्हणाली, "चाळणी सोडील तर आणीन."

सुळुक सुळुक. चाळणीकडे गेला.
"चाळणी, चाळणी, कोंडा सोड. भाकरी आणीना, आतडं देईना, मी उपाशी."
चाळणी म्हणाली, "हौसा थांबेल तर सोडीन."

हौसा म्हणजे दाजीबांची सून. पीठ चाळत होती. सर्र सर्र. पीठ परातीत, कोंडा म्हशीला.
"हौसाबाई, हौसाबाई, थांबा. चाळणी सोडीना, भाकरी आणीना, आतडं देईना, मी उपाशी."
हौसा म्हणाली, "मामंजी सांगतील तर थांबेन."

सुळुक सुळुक. दाजीबांकडे गेला.
"दाजीबा, दाजीबा, सांगा. हौसा थांबेना, चाळणी सोडीना, भाकरी आणीना, आतडं देईना, मी उपाशी."
दाजीबा म्हणाले, "नाही सांगत. व्याह्यांकडे भाकरी पांढरीफेक असते. मलाही तसलीच पाहिजे."

जंतू घरी आला. बसून राहिला. खाणं नाही, तर काम नाही.

चरबी आली. पसरली. उठेना. दाजीबांचं पोट झालं हंड्याएवढं.

दाजीबा म्हशीची धार काढायला बसले. पोट गुडघ्यांना अडलं. धप्प. उताणे पडले. उठता येईना.

म्हैस कोंडा खात होती. तिने बघितलं. परत कोंडा खाल्ला.

पोटातून जंतू म्हणाला, "ते माझं जेवण आहे."

दाजीबा बराच वेळ आडवे होते. मग म्हणाले, "हौसा, ती चाळणी ठेव खाली."

हौसा थांबली. चाळणीने कोंडा सोडला. भाकरीने आणला. आतड्याने दिला. जंतू जेवला. मुटुमुटु मुटुमुटु.

रस झाला. चरबीकडे गेला. म्हणाला, "ऊठ."
चरबी म्हणाली, "आत्ताच?"
"हळूहळू. पण ऊठ."

चरबी कुरकुरत उठली. आज थोडी, उद्या थोडी. दाजीबा आपले आपण बसू लागले, आपले आपण उठू लागले.

भाकरी आता खरबरीत असते. दाजीबा तोंड वाकडं करतात. पण खातात.

गोष्ट संपली. ताटातलं संपलं का?