अभ्रकाची झळाळी

फार पूर्वी मणिकूट नगरीवर रुचिरसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या वानरशाळेत वानराच्या जन्मास आला होता. आता तो म्हातारा झाला होता. त्याला माणसांची भाषा येत असे. पण माणसेच पुरेसे बोलतात, हे पाहून तो गप्प राही.

राजाला चकाकीचे भारी वेड. त्याच्या मिरवणुकीपुढे वानर चालत, आणि ते उन्हात झळकावेत म्हणून रोज सकाळी दारे-खिडक्या लावून वरच्या झरोक्यातून त्यांच्यावर अभ्रकाची पूड उडवली जाई. तिथून निसटलेली माशीदेखील चमचम करी, आणि ती माशी गिळणारा बेडूक रात्री आतून उजळे, असे लोक सांगतात. बोधिसत्त्वाच्या अंगावर मात्र केसच उरले नव्हते. पूड चिकटेना, म्हणून राखणदार नंदक त्याला तेवढा वेळ बाहेरच्या चिंचेवर बसवी.

पुढे वानर खोकू लागले. रानातल्या वानरांना कधी न झालेला हा रोग. छाती भात्यासारखी हाले, जरा चढले की दम लागे. त्यांचे तेज उतरले म्हणून नंदकाने मायेने पूड दुप्पट केली. खोकलाही वाढला.

राजा घाबरला. "रोग हत्तीशाळेत गेला तर? उद्या सगळे वानर मारून टाका. तो म्हातारा धड आहे, त्याला रानात सोडा."

नंदक रडत चिंचेखाली आला. "आजोबा, तुमचं तरी भलं झालं. जा."

"नंदका, मला राजाकडे ने."

नंदक मटकन खाली बसला. "तुम्हाला बोलता येतं? मग इतकी वर्षं मी एकटाच बडबडत होतो?"

"तू छान बोलतोस. मध्येच कशाला तोडू?"

राजापुढे बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, जे चमकतात तेच खोकतात. रोग पुडीत आहे."

"माझ्या पुडीला नावं ठेवतोस? सिद्ध कर."

"माझ्या पोरांना उघड्या अंगणात ठेवा. त्यांच्या वाटची सगळी पूड बंद खोलीत माझ्यावर उडवा. वसंतापर्यंत मी धड राहिलो, तर आम्हा सर्वांना मारा."

"रान सोडून हे मागतोस?"

"रानात एकट्याची पाठ कोण खाजवणार, महाराज?"

नंदक रोज डोळे मिटून पूड उडवी. थंडी सरली. अंगणातले वानर पुन्हा भिंतीवर चढू लागले, आणि बंद खोलीतून खोकला ऐकू येऊ लागला. राजा दाराशी उभा राहून तो ऐके. एके दिवशी त्यानेच दार उघडले आणि म्हाताऱ्याला उचलून बाहेर आणले. "मी हरलो, आजोबा," एवढेच तो म्हणाला. पूड मातीत पुरली गेली, वानरशाळा कायमची उघडी झाली आणि म्हाताऱ्यासह सगळे वानर रानात गेले.

बोधिसत्त्वाचा खोकला काही गेला नाही. रानात त्याला झाडावर चढता येईना. तेव्हा वानर शेंड्यावरची पिकली उंबरे आधी त्याच्यापुढे ठेवीत, मगच आपण खात. आणि त्याची पाठ कोणी खाजवायची, यावरून रोज भांडण होई. बेडकाचे एक वेळ सोडून द्या. पण हातात पिकले फळ असताना माकड थांबले, हे खरेच घडले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज आजाऱ्यांच्या उशाशी बसणारा सुनेत्र. नंदक म्हणजे आपला भद्रिल. तो अजूनही बोलतोच आहे. ते वानर तुम्ही, आणि तो म्हातारा मी. आज मला खोकला आला, तेव्हा भिक्षेतला पहिला घास तुम्ही माझ्यापुढे ठेवलात. तुमची ही सवय जुनी आहे."

म्हाताऱ्याने केली ती करुणा. वानरांनी जपली ती कृतज्ञता.