हौदावरून दिलेला लुकमा

“…म्हणजे मत देणं जायज की नाजायज, उस्ताद? एका शब्दात सांगा.”

हाफिज दस्तगीर मशिदीतली चटई झटकत होते. चटईचं दुसरं टोक त्यांनी मुदस्सरच्या हातात दिलं.

“आधी धर.”

मुदस्सरनं एका हातानं धरलं. दुसऱ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. पाचशे पत्रकं. शाईचा वास अजून गेला नव्हता.

याच मशिदीत, सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, त्यानं हाफिजजींसमोर बसून कुराण पाठ केलं होतं. मग तो शिकायला उत्तरेत गेला, तिथून क्वालालंपूरला. बारा वर्षांनी परतला तेव्हा त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. सगळं गाव त्याला महिन्याभरात जागं करायचं होतं.

परवा रविवारी नगरपरिषदेची निवडणूक होती. आज जुम्मा; नमाजाआधी इमाम म्हणून हाफिजजी खुतबा, म्हणजे प्रवचन, देणार होते.

“खुतब्याआधी तुम्ही फक्त चार वाक्यं बोला,” तो म्हणाला. “बागवान गल्लीतलं एकही मत पडणार नाही. चाळीस पोरं तयार आहेत माझ्याबरोबर. मशीन रिकामं जाऊ दे. मग कळेल त्यांना.”

“कुणाला?”

“सगळ्यांना.”

हाफिजजींनी एक पत्रक घेतलं. चष्मा लावला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माणसांनी केलेल्या कायद्याला होकार देऊ नका, खोट्या व्यवस्थेत भागीदार होऊ नका, असं बरंच काही त्यात होतं.

“छपाई सुरेख आहे,” ते म्हणाले. “हे तू लिहिलंस, की कब्रस्तानच्या भिंतीनं?”

मुदस्सरनं पत्रक परत घेऊन गठ्ठ्यात घातलं.

कब्रस्तानची नाल्याकडची भिंत पडून अकरा वर्षं झाली होती. तीन निवडणुकांत तीन जणांनी ती बांधून देण्याचा शब्द दिला होता. दर पावसाळ्यात नाला आत शिरे. मागच्या वर्षी मुदस्सरची आई गेली, तेव्हा तो परदेशात होता. गावी आल्यावर पहिल्याच दिवशी तो कबरीपाशी गेला. माती खचली होती. खड्ड्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या.

“दोघांनी मिळून लिहिलंय,” तो शेवटी म्हणाला.

“हं.”

“उभे कोण आहेत बघा ना, उस्ताद. एकाला आपण फक्त निवडणुकीत दिसतो. दुसरा आपल्याला दाखवून बाकीच्यांना घाबरवतो. तिसरा आपलाच आहे, आणि भिंतीसाठी आलेल्या विटा त्याच्या गच्चीला लागल्यात.”

“खरं आहे.”

“मग बोला. बहिष्कार पटत नसेल, तर दुसरं करा. खुतब्यात मिंबरवरून एक नाव घ्या. आपली सगळी मतं एका जागी. पण काहीतरी एक बोला.”

“काल एक जण पेढे घेऊन आला होता. तोही हेच म्हणत होता.”

“मग? काय सांगितलंत?”

“चहा पाजला. पेढे परत दिले.”

“उस्ताद…”

“चटई नीट ओढ. सफेला बाक येतोय.”

मुदस्सरनं चटई ओढली. सफ, म्हणजे नमाजाची रांग, सुतात सरळ झाली. मग तो गठ्ठा काखेत मारून निघाला तो जवळजवळ पळतच.

गल्लीत पत्रकं हातोहात गेली. गॅरेजमध्ये वाद झाला, तो त्यानं जिंकला. चहाच्या गाड्यावर एक मास्तर भेटले, त्यांच्याशीही जिंकला. लिंबाची शिकंजी विकणाऱ्यानं तर पत्रक काचेवर चिकटवलंच. मुदस्सरला वाटलं, आपण इतकी वर्षं शिकलो ते याच दुपारसाठी. अजान झाली तेव्हा तो तिसऱ्या बोळात होता. खुतबा संपला तेव्हा पाचव्या.

तो मशिदीत पोचला तेव्हा नमाजाच्या दोन रकातींपैकी, म्हणजे फेऱ्यांपैकी, दुसरी सुरू होती. त्यानं उरलेली पत्रकं हौदाच्या कठड्यावर ठेवली, बाह्या सरकवल्या आणि भराभर वजूचे हातपाय धुऊ लागला.

आत हाफिजजींचा बारीक आवाज चढत होता. डोंगरांचा उल्लेख येतो त्या आयतीपाशी आला…

आणि थांबला.

त्यांनी मागची आयत पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच थांबले. त्यांचं वय शहात्तर होतं.

इमाम असा अडला, की मागे उभा असलेला कुणीही पुढचे शब्द म्हणून देतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. लहानपणी मुदस्सरनं कितीदा दिला होता. आत्ता त्याचा एक पाय धुऊन झाला होता, दुसरा नळाखाली होता. शब्द त्याच्या तोंडातून आपोआप सुटले. खणखणीत, एकेक अक्षर जागच्या जागी. मशीद त्या आवाजानं भरून गेली.

हाफिजजी गप्प.

त्यानं पुन्हा दिला. आणखी मोठ्यानं.

हाफिजजी गप्प… दोनशे माणसं श्वास धरून उभी.

मग पहिल्या सफेतून एक फाटका आवाज आला. गुलाबचाचा बागवान. एसटी स्टँडसमोर केळी विकणारे, अलिफ-बेसुद्धा वाचता न येणारे. त्यांनी तीच आयत दिली. मोडकी, एक अक्षर गिळून.

हाफिजजींनी ती उचलली. नमाज पुढे गेली.

मुदस्सर ओल्या पायांनी धावत जाऊन शेवटच्या सफेत मिळाला. राहिलेली रकात त्यानं पुरी केली खरी, पण कान तापले होते. लोक पांगेपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला.

“माझा लुकमा का घेतला नाहीत?”

“बस.”

“आयत चुकीची होती?”

“नाही.”

“उच्चार?”

“एवढा शुद्ध उच्चार या मशिदीत पूर्वी कधी ऐकला नाही.”

“मग?”

हाफिजजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पूर्वी धडा घेताना ठेवायचे, तशीच.

“मसला सांग. नमाजाबाहेरच्या माणसानं लुकमा दिला, आणि इमामानं तो घेतला. तर?”

मुदस्सरनं तोंड उघडलं. हा नियम त्यानं दोन भाषांत लिहिला होता. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले होते…

“इमामाची नमाज तुटते.”

“आणि?”

“मागच्या सगळ्यांची.”

“तू कुठे होतास?”

“…हौदावर.”

गुलाबचाचा दारात चपला शोधत होते. ते वळले.

“काय रं पोरा, माझं लई चुकलं का?”

“एक अक्षर गिळलंत, चाचा.”

“एकच?” चाचा खूश झाले. “एकतीस वर्षं झाली, दर जुम्म्याला हेच ऐकतोय. केळी मोडताना बी तोंडात हेच असतंय.”

“मी म्हटलेलं ऐकून दिलंत ना?”

“तू म्हणत हुतास? हौदाकडचा कान बंद हाय माझा.”

हाफिजजींच्या मिशीत हसू हललं. मुदस्सर मात्र तिथं थांबणारा नव्हता.

“पण उस्ताद, नमाज अल्लाहची. निवडणूक यांची. तिथं इमामच नालायक असेल तर? त्याच्या मागे उभं कसं राहायचं?”

“याला विचार.” हाफिजजींनी गुलाबचाचांकडे बोट केलं. “मला इमाम नेमलं, त्या दिवशी जमातीनं हात वर केले होते. सगळ्यांचे वर. याचा खाली.”

“खरंच, चाचा?”

“आवाज बारीक हुता ह्यांचा,” गुलाबचाचा म्हणाले. “आज बी हाय.”

“आणि दुसऱ्या दिवशी? घरी बसलात?”

“घरी कशाला बसू? पहिल्या सफेत. लांब उभं ऱ्हायलो तर ह्यांची चूक ऐकू कशी येणार मला?”

मुदस्सर हसला. हसू अर्ध्यावर मोडलं.

“उस्ताद… आणि भिंत?”

हाफिजजी उठले. हौदाच्या कठड्यावरची पत्रकं त्यांनी आणून त्याच्या हातात दिली. खालची भिजली होती.

“भिंतीचं काय,” ते म्हणाले. “हौदावरून तू चांगलं ओरडतोस.”

शनिवारचा अख्खा दिवस मुदस्सर ‘मत द्यायला चला’ सांगत चाळीस दारं फिरला. पाचशे पत्रकं वाटणं सोपं होतं, हे अवघड.

“मुदस्सरभाई, काल हराम होतं ना?” गॅरेजमधला पोरगा म्हणाला. “एका रात्रीत धुऊन निघालं?”

“माझं चुकलं होतं.”

“मग आज कशावरून बरोबर?”

“ते माहीत नाही. पण घरात बसलो तरी माझ्या आईच्या कबरीत नाला येतोच आहे. उद्या साडेसातला मी शाळेपाशी उभा असेन. तू ये.”

आपल्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द बारा वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडले, हे त्याला दोन दारं पुढे गेल्यावर जाणवलं. छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. तो आणखी जोरात चालू लागला.

रविवारी शाळेच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होती. इस्त्रीचे सदरे, कडेवर पोरं, हातात चिठ्ठ्या. पुरुषांची रांग पार हापशापर्यंत गेली होती. पुढे गुलाबचाचा दिसले. त्यांच्या मागे एका माणसापुरती जागा मोकळी होती.

मुदस्सर सरळ गेला आणि तिथं उभा राहिला. मधली जागा दिसली की पुढे होऊन भरायची, खांद्याला खांदा लावायचा. लहानपणापासून अंगात मुरलेलं.

“ए मौलाना,” मागून लोहार गल्लीतले भैरू आण्णा म्हणाले. “ही तुमची नमाज न्हाय. हितं मधल्या जागंत घुसत न्हाईत. मी सातपासनं उभा हाय.”

“चुकलं, आण्णा.”

“चुकलं तर मागं हो. हापशाकडं.”

रांग हसली. मुदस्सरही हसला, कानापर्यंत लाल झाला आणि हापशापर्यंत मागे गेला. त्याच्या मागे गॅरेजमधला पोरगा येऊन उभा राहिला. मग आणखी दोघं. मग पाच. थोड्या वेळानं त्यानं वळून मोजले. चाळीसांतले एकोणीस आले होते.

हाफिजजी मत देऊन बाहेर आले. शाई लागलेलं बोट सदऱ्यापासून लांब धरून, सावकाश पायऱ्या उतरत.

ते रांगेजवळून जात असताना मुदस्सरनं त्यांची बाही धरली.

“उस्ताद, उभा राहिलो बघा. आता तरी सांगा. मत कुणाला द्यायचं?”

मागच्या एकोणीस जणांनी माना पुढे काढल्या. पुढे गुलाबचाचांनी चांगला कान वळवला. भैरू आण्णासुद्धा तंबाखू मळायचे थांबले…

हाफिजजींनी बाही हळूच सोडवून घेतली.

“आठ वर्षं माझ्या मागे सजदा केलास, बेटा. त्यात काय मागितलंस, मी कधी विचारलं?”